हिशेबाच्या संगणकाची राखण

छोट्या व्यवसायात संगणक-सुरक्षेचा प्रश्न बहुतेक वेळा एकाच यंत्राभोवती फिरतो. ज्यावर बिले निघतात, टॅली चालते, जीएसटीचे विवरणपत्र भरले जाते आणि बँकेचे नेट बँकिंगही उघडते, तो हिशेबाचा संगणक. इचलकरंजीतला सूतव्यापारी, भोसरीच्या एमआयडीसीत जॉबवर्क करणारा कारखानदार, तालुक्याच्या गावातली पॅथॉलॉजी लॅब किंवा पाच-सहा माणसांचे सीए ऑफिस, धंदे वेगळे असले तरी चित्र सारखेच असते. या संगणकामागे आयटी विभाग नसतो. बिघडला की कॉम्प्युटरवाल्याला फोन जातो, आणि चालू आहे तोवर त्याच्याकडे कोणी बघत नाही.

हल्ला करणाऱ्याला धंदा लहान की मोठा याच्याशी देणेघेणे नसते. इंटरनेटला जोडलेली यंत्रे आपोआप चाचपणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात आणि दार उघडे सापडेल तिथे शिरतात. म्हणून ‘आपल्याकडे चोरण्यासारखे आहेच काय’ असे म्हणून निर्धास्त राहणे घातक ठरते. उधारीच्या खतावणीला चोराच्या लेखी काहीच किंमत नसते. पण ती उघडली नाही तर वसुलीला कुणाकडे आणि किती रुपयांसाठी जायचे हेच मालकाला कळत नाही. खंडणी मागितली जाते ती याच अडचणीच्या जोरावर.

कोणता अँटिव्हायरस घ्यावा हा प्रश्न म्हणून नंतरचा. आधी एका कागदावर यादी करावी: काय गेले तर काम त्याच दिवशी थांबेल? टॅलीचा डेटा बहुतेकांच्या यादीत पहिला येतो. कारखान्यात त्याच्या जोडीला ड्रॉइंग्ज आणि कोटेशन असतात, लॅबमध्ये रुग्णांचे अहवाल, वकिलाकडे दाव्यांची कागदपत्रे. पुष्कळ ठिकाणी सगळ्या ग्राहकांचे नंबर मालकाच्या एका मोबाइलमध्येच असतात, त्याचीही नोंद व्हावी. प्रत्येक नोंदीसमोर ती माहिती कुठे आहे, कोण उघडू शकते आणि तिची दुसरी प्रत कुठे आहे हे लिहावे. शेवटचा रकाना अनेकदा कोराच राहतो, आणि कामाची सुरुवात तिथूनच करायची असते. जुना हिशेबही यादीतून सुटू नये. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. कंपनी असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे आठ वर्षे. कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या जुन्या संगणकातली वर्षेही यात येतात.

दुसरी यादी लॉगिनची. जीएसटी पोर्टल, आयकर, ई-वे बिल, बँक, ईमेल, वेबसाइटचे डोमेन ही खाती कोणत्या मोबाइल नंबरला आणि कोणत्या मेलला जोडलेली आहेत, ते तपासावे. इथे एक गोष्ट हमखास सापडते. नोंदणी करताना घाईत करसल्लागाराचा नाहीतर त्याच्या ऑफिसातल्या मुलाचा नंबर दिलेला असतो आणि धंद्याचे ओटीपी वर्षानुवर्षे परक्या फोनवर जात राहतात. सल्लागार बदलला, मुलगा नोकरी सोडून गेला, तरी नंबर तोच. पोर्टलवर नंबर बदलण्याची सोय आहे, तिचा उपयोग करून तो मालकाचा करून घ्यावा. डिजिटल सहीच्या टोकनची गतही अशीच. सोयीसाठी ते सीएकडे ठेवलेले असते आणि त्याचा पासवर्ड टोकनलाच चिकटवलेला असतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे त्या सहीला हाताने केलेल्या सहीचीच मान्यता आहे. कोऱ्या चेकवर सही करून तो दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवण्यापेक्षा हे काही वेगळे नाही.

सुटी ठेवलेली प्रत

सगळ्या उपायांतून एकच करणे शक्य असेल तर तो बॅकअपचा करावा. बाकीचे उपाय हल्ल्याची शक्यता कमी करतात. हल्ला होऊन गेल्यावर धंदा उभा राहतो तो प्रतीच्या आधाराने.

खंडणीखोर प्रोग्रामचा, म्हणजे रॅन्समवेअरचा हल्ला प्रत्यक्षात कसा दिसतो ते पाहू. सकाळी संगणक नेहमीसारखा सुरू होतो. टॅलीही उघडते, पण कंपनीच्या यादीत काहीच दिसत नाही. टॅली प्रत्येक कंपनीचा डेटा आकड्यांच्या नावाच्या एकेका फोल्डरमध्ये ठेवते. तो फोल्डर जागेवर असतो, मात्र आतल्या प्रत्येक फाइलच्या नावाला अनोळखी शेपूट लागलेले असते. एक्सेलच्या फाइली, स्कॅन केलेली बिले, फोटो, सगळ्यांचे तेच. डेस्कटॉपवर एक मजकुराची फाइल पडलेली असते आणि तिच्यात क्रिप्टोचलनात पैसे भरण्याच्या सूचना असतात. मग अकाउंटंटला आठवते की डी ड्राइव्हवर रोज बॅकअप पडत होता. तोही कुलूपबंद झालेला असतो. संगणकाच्या मागे कायम लावून ठेवलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्कही त्याच अवस्थेत असते, कारण संगणकाला जे जे दिसते ते सगळे त्या प्रोग्रामलाही दिसते.

मोठमोठ्यांचीही यात फसगत झालेली आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्राम जगभर पसरला, आणि तो पसरला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे हजारो संगणक काही तासांत निकामी झाले. न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात याच समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. ज्यांच्यावर मर्स्कचे सगळे जाळे उभे होते ते मुख्य सर्व्हर एकमेकांच्या प्रती सांभाळत असत. एक बिघडला तर दुसऱ्यावरून तो उभा करता येईल, असा त्यामागचा हिशेब. पण सगळे एकमेकांना जोडलेले असल्यामुळे सगळे एकदमच गेले. वाचला तो घानामधला एक सर्व्हर, आणि तो वाचला कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती. त्या एका प्रतीवरून कंपनीने आपले जाळे परत उभे केले. ती प्रत योगायोगाने जाळ्याबाहेर राहिली होती. छोट्या ऑफिसात हे ठरवून घडवून आणता येते आणि त्याला दोन हार्ड डिस्कपलीकडे खर्च नाही.

पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ हा नियम आजही पुरेसा आहे: माहितीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. छोट्या ऑफिसात तो असा बसवता येतो. दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्याव्यात आणि त्यांवर ‘अ’ आणि ‘ब’ अशी चिठ्ठी चिकटवावी. एका आठवड्यात ‘अ’ वापरायची, दुसऱ्यात ‘ब’. संध्याकाळी हिशेब बंद झाला की डिस्क लावायची, बॅकअप घ्यायचा आणि लगेच काढून कपाटात ठेवायची. ज्या आठवड्यात जी डिस्क वापरात नसेल ती मालकाच्या घरी. आग, पावसाचे पाणी, चोरी यांतूनही मग एक प्रत वाचते. कोल्हापूर-सांगलीच्या व्यापारी पेठांनी २०१९ चा पूर पाहिलेला आहे. तिथे दुसरी जागा म्हणजे दुसरे उंच ठिकाण, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

तिसरी प्रत क्लाउडवर ठेवता येते, पण एक फरक ध्यानात घेऊन. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचा जो फोल्डर संगणकावर आपोआप जुळत राहतो तो खरा बॅकअप नव्हे. संगणकावरची फाइल कुलूपबंद झाली की तीच कुलूपबंद फाइल वर जाते. या सेवा जुन्या आवृत्त्या काही काळ ठेवतात. गूगल ड्राइव्हवर टॅलीसारख्या बाहेरच्या फाइलची जुनी आवृत्ती साधारण ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या इतकीच टिकते. त्या मुदतीत हल्ला लक्षात आला तर फाइल परत मिळते. क्लाउडच्या खात्याचा पासवर्ड मात्र रोजच्या ब्राउझरमध्ये साठवू नये, नाहीतर संगणकात शिरलेल्याला तो आयताच मिळतो.

बॅकअप घेतला म्हणजे तो परत उघडेलच अशी खात्री नसते. डिस्क खराब झालेली असते. मागच्या वर्षी फोल्डर बदलला आणि बॅकअप मात्र जुन्याच फोल्डरचा पडत राहिला, असेही होते. म्हणून तिमाहीतून एकदा प्रत उघडून पाहावी. हे शक्यतो दुसऱ्या संगणकावर करावे, आणि त्याच संगणकावर केले तर रिस्टोअर वेगळ्या फोल्डरमध्ये करावे, कारण चालू फोल्डरवर रिस्टोअर केले तर जुनी माहिती नव्या माहितीवर बसते. उघडल्यावर शेवटच्या नोंदीची तारीख पाहावी, ट्रायल बॅलन्सची बेरीज ताडावी, एखाद्या पार्टीची बाकी मूळ डेटाशी मिळते का ते बघावे. अर्ध्या तासाचे काम आहे. कंपनीला टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड लावलेला असेल तर तो कागदावर लिहून बंद पाकिटात ठेवावा. तो हरवला तर तो डेटा उघडण्याचा दुसरा मार्ग नाही.

दारे आणि किल्ल्या

पासवर्डमध्ये सर्वात महत्त्वाचा ईमेलचा, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे ‘पासवर्ड विसरलात?’ तिथेच येऊन पडते. मेल ज्याच्या हाती गेला त्याच्या हाती सगळेच गेले. म्हणून मेलचा पासवर्ड इतर कुठेही न वापरलेला असावा आणि त्याला दोन-टप्पी पडताळणी लावावी. एसएमएसच्या ओटीपीपेक्षा मोबाइलवरच्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा कोड चांगला, कारण बनावट कागदपत्रांवर दुसऱ्याच्या नंबरचे सिम काढून घेण्याचे प्रकार होतात. ई-वे बिलाच्या यंत्रणेत तर १ एप्रिल २०२५ पासून ही दोन-टप्पी पडताळणी सर्व करदात्यांना सक्तीची झाली आहे.

दर महिन्याला पासवर्ड बदलण्याचा जुना आग्रह आता तज्ज्ञांनी सोडला आहे. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेचाही सल्ला तसाच आहे: पासवर्ड लांब असावा, आणि तो फुटल्याचा संशय आला तरच बदलावा. सतत बदलायला लावले की लोक शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले की लक्षात राहणारा आणि सहजी न फुटणारा पासवर्ड होतो. दुकानाचे नाव आणि त्यापुढे १२३ हा पासवर्ड मात्र पहिल्या काही प्रयत्नांतच पडतो. वीस-पंचवीस खात्यांचे पासवर्ड पाठ होणे शक्य नाही, तेव्हा बिटवॉर्डन किंवा कीपाससारखा पासवर्ड मॅनेजर वापरावा. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी वही करून तिजोरीत ठेवावी. तिजोरीतली वही परदेशातल्या चोराला दिसत नाही. मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी मात्र काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला दिसते.

अकाउंटंटला घरून काम करता यावे म्हणून केलेली सोय हे रॅन्समवेअरचे आवडते दार. कॉम्प्युटरवाला राउटरमध्ये एक वाट मोकळी करून देतो आणि विंडोजचे रिमोट डेस्कटॉप बाहेरून थेट उघडते. ३३८९ हा त्याचा ठरलेला पोर्ट सगळ्या जगाला ठाऊक आहे. हल्लेखोरांचे प्रोग्राम तो शोधतात आणि पासवर्ड जुळेपर्यंत प्रयत्न करत राहतात. ही वाट बंद करून घ्यावी. बाहेरून काम करणे आवश्यकच असेल तर व्हीपीएनमधून करावे. एनीडेस्कसारखी अ‍ॅप वापरायची तर काम संपल्यावर ती बंद करावीत, कायमचा पासवर्ड ठेवू नये. आणि बँकेतून किंवा वीज मंडळातून बोलतो असे सांगून कुणी फोनवर असे अ‍ॅप टाकायला लावत असेल, तर तो फोन तिथेच ठेवून द्यावा.

अपडेटचा कंटाळा महागात पडतो. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने जगभरातले संगणक कुलूपबंद केले. ज्या त्रुटीतून तो शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी दिलेली होती. ज्यांनी ती बसवली होती ते वाचले. विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून नेहमीच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. विंडोज १० चा नियमित पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि त्यापुढे मिळते ती ठरावीक काळाची वाढीव सोय. असे जुने यंत्र एखाद्या मशीनला जोडलेले असल्यामुळे ठेवणे भाग असेल तर त्याचे इंटरनेट तोडावे.

क्रॅक केलेले सॉफ्टवेअर हा याच्याशी जोडलेलाच विषय, आणि त्यावर स्पष्ट बोलणे गरजेचे आहे. फुकटच्या विंडोज, ऑफिस किंवा टॅलीबरोबर जो ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ येतो तो चालवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करायला सांगितलेले असते. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून पहारेकरी घरी पाठवून दार उघडायचे आणि वर तिजोरी सुरक्षित राहील अशी अपेक्षा करायची, याला काही अर्थ नाही. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर नीट चालू आणि अद्ययावत असेल तर छोट्या ऑफिसला तो बव्हंशी पुरतो. त्यासोबत रोजचे काम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या लॉगिनने न करता साध्या लॉगिनने करावे. मग चुकून उघडलेल्या फाइलला सगळ्या संगणकावर अधिकार मिळत नाही.

राउटर आणि सीसीटीव्ही ही कुणाच्या लक्षात न राहणारी यंत्रे. दोन्ही कारखान्यातून ठरलेल्या पासवर्डसह येतात आणि बसवणारा तो बदलत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातली तपासणीची चित्रफीत इंटरनेटवर विकली जात असल्याचे उघड झाले. कॅमेऱ्यांच्या यंत्रणेत शिरून ती मिळवलेली होती. डीव्हीआरचा पासवर्ड बसवल्याच्या दिवशीच बदलावा. कॅमेरा घरून पाहण्याची खरोखर गरज नसेल तर ती सोय बंद ठेवावी. आणि तपासणीच्या किंवा कपडे बदलण्याच्या खोलीत कॅमेराच नसावा. ग्राहकांसाठीचे वाय-फाय वेगळ्या नावाने द्यावे; आजकालच्या बहुतेक राउटरमध्ये ‘गेस्ट’ जाळ्याची सोय असतेच.

पैसे सोडण्यापूर्वी

छोट्या व्यवसायातले बरेच नुकसान संगणक न फोडताच होते. कोणीतरी कोणालातरी विश्वासात घेऊन पैसे पाठवायला लावतो, एवढेच. नेहमीच्या पुरवठादाराचा मेल येतो: ‘ऑडिट चालू असल्यामुळे आमचे खाते बदलले आहे, यापुढचे पेमेंट सोबतच्या खात्यात करावे.’ लेटरहेड खरे असते, बिलाचा नंबर आणि रक्कमही खरी असते, कारण चोर काही आठवडे कुणाच्या तरी मेलबॉक्समध्ये बसून पत्रव्यवहार वाचत होता. पत्ता अक्षर न् अक्षर वाचला तरच फरक कळतो. रोमन ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी टाकलेले असतात आणि पडद्यावर ते ‘एम’सारखेच दिसतात. मेल पुरवठादाराच्याच ताब्यातून गेलेल्या खात्यावरून आला असेल तर तेवढाही फरक सापडत नाही.

यावर एकच नियम ठेवावा आणि तो कुणासाठीही मोडू नये. खाते बदलल्याचा निरोप कुठूनही आला तरी आपल्या जुन्या नोंदीतल्या नंबरवर फोन करून ओळखीच्या माणसाशी बोलावे. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करू नये. त्यानंतर आधी थोडी रक्कम पाठवून ती पोचल्याची खात्री करावी आणि मग बाकीची सोडावी. व्हॉट्सअ‍ॅपवर मालकाचा फोटो लावून अकाउंटंटला ‘मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस, ताबडतोब एवढे पाठव’ असा निरोप पाठवण्याचा प्रकारही सर्रास चालतो. त्यालाही हाच नियम लागू पडतो. मात्र तो पाळला जावा असे वाटत असेल तर मालकाने अकाउंटंटला आधीच सांगून ठेवायला हवे की खात्री करून घेण्यासाठी केलेल्या फोनबद्दल कधीही बोलणी बसणार नाहीत. साहेब चिडतील या भीतीनेच माणसे फोन करत नाहीत आणि पैसे जातात. चालू खात्यावर बँका एकाने व्यवहार भरायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा अशी सोय देतात, ती मागून घ्यावी.

दुकानाच्या गल्ल्यावर धोका वेगळा असतो. ग्राहकाने दाखवलेला पेमेंटचा स्क्रीनशॉट पुरावा मानू नये. साउंडबॉक्सचा आवाज किंवा आपल्याच अ‍ॅपमधली नोंद पाहावी. क्यूआर कोडवर रात्रीतून दुसराच स्टिकर चिकटवला गेल्याचे प्रकार घडले आहेत, म्हणून शटर उघडल्यावर स्वतः एकदा स्कॅन करून आपलेच नाव येते का ते पाहावे. यूपीआयचा पिन लागतो तो पैसे देण्यासाठीच. पैसे घेण्यासाठी पिन टाकायला सांगणारा फसवतो आहे, हे काउंटरवरच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असले पाहिजे. लग्नपत्रिका, वाहनाचे ई-चलान किंवा बँकेचे केवायसी अशा नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ‘एपीके’ फाइल धंद्याच्या फोनवर कधीच उघडू नये. ती एकदा बसली की येणारे ओटीपी परस्पर दुसरीकडे जाऊ लागतात.

दुसऱ्यांची माहिती

ग्राहकांची, रुग्णांची, कामगारांची माहिती ही व्यवसायाकडे असलेली ठेव आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि व्यवसायांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. माहिती जपण्यासाठी पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. छोट्या दुकानावर एवढा दंड बसेल असे नाही. तो ठरवताना चुकीचे गांभीर्य आणि स्वरूप पाहिले जाते. पण केवळ धंदा लहान आहे म्हणून आपोआप सूट मिळते, असेही नाही.

कमी माहिती घेणे हा सर्वात स्वस्त उपाय. सिमकार्डाच्या दुकानापासून लॉजपर्यंत सगळीकडे आधारची पूर्ण प्रत घेऊन ती व्हॉट्सअ‍ॅपवर नाहीतर डेस्कटॉपवर ठेवून देण्याची सवय जडली आहे. जिथे कायद्याने पूर्ण क्रमांक लागत नाही तिथे शेवटचे चारच अंक दाखवणारे ‘मास्क्ड’ आधार घ्यावे, आणि काम झाल्यावर प्रत पुसून टाकावी. जे आपल्याकडे नाही ते फुटण्याचा प्रश्न येत नाही. लॅबने अहवाल पाठवताना नंबर दोनदा ताडून पाहावा. कामगार नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याची लॉगिन बंद करावीत, व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून त्याचा संगणक काढावा आणि सगळ्यांना ठाऊक असलेले पासवर्ड बदलावेत. त्याच्यावर संशय म्हणून नव्हे. उद्या त्याचा फोन हरवला तर ती झळ या धंद्याला बसू नये म्हणून.

जुना संगणक भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये देताना फाइली डिलीट करणे पुरत नाही, झटपट फॉरमॅटही पुरत नाही. डिस्क काढून घ्यावी. ती वापरायची नसेल तर ड्रिलने आरपार भोके पाडावीत. एमआयडीसीत ड्रिल मशीनची वाण नाही.

सॉफ्टवेअर देणाऱ्याकडेही आपली माहिती असते, हे विसरता कामा नये. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. खबरदारी म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला किरकोळ पेमेंटच्या यंत्रणेपासून तोडले, आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय व एटीएमचे व्यवहार थांबले. त्या बँकांच्या आपल्या संगणकांत काही बिघडलेले नव्हते. बिलिंगचे किंवा क्लिनिकचे ऑनलाइन सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला दोन प्रश्न विचारावेत: आमचा डेटा आम्हाला हवा तेव्हा एक्सेलमध्ये काढून मिळेल का, आणि तुमचा सर्व्हर बंद पडला तर किती दिवसांत परत उभा राहील? उत्तर टाळणाऱ्याकडून सॉफ्टवेअर घेऊ नये.

घात झाल्यावर

पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला आणि त्याच वेळी दुसऱ्या फोनवरून बँकेला. चोरलेली रक्कम तासाभरात अनेक खात्यांतून फिरते. जिथे ती अजून पडून असेल तिथे गोठवता येते, म्हणून आधी घरात चर्चा आणि मग तक्रार असे करू नये. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि समोरचे खाते हाताशी ठेवावे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून पोचक्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमांप्रमाणे, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा अनधिकृत व्यवहारात बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर नुकसानीचा भार ग्राहकावर येत नाही. ओटीपी किंवा पिन स्वतःच दिलेला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकालाच सोसावे लागते. तिथेही मिनिटाला किंमत आहे.

संगणक कुलूपबंद झाला असेल तर नेटवर्कची वायर काढावी, वाय-फाय बंद करावे आणि शेजारचे संगणकही जाळ्यातून तोडावेत. बॅकअपची डिस्क त्या यंत्राला लावून बघण्याचा मोह आवरावा. हाती असलेली एकमेव चांगली प्रत अशाने जाते. पडद्याचे आणि खंडणीच्या चिठ्ठीचे फोटो घ्यावेत. कॉम्प्युटरवाला येताच फॉरमॅट मारायला निघतो, त्याला थांबवावे, कारण कशातून शिरकाव झाला याचा माग त्याच डिस्कवर असतो. काही जुन्या रॅन्समवेअरच्या किल्ल्या युरोपोल आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात मोफत मिळतात, तिथे पाहावे. खंडणी भरू नये. भरूनही किल्ली मिळेल याची हमी नसते, आणि पैसे देणारा म्हणून नाव एकदा कळले की पुन्हा गाठले जाण्याचा धोका असतो.

सर्ट-इन या केंद्राच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार रॅन्समवेअरसारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवणे बंधनकारक आहे. हे फक्त मोठ्या कंपन्यांपुरते नाही. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांना तयारीसाठी तेव्हा २५ सप्टेंबर २०२२ पर्यंतची मुदत मिळाली होती आणि ती केव्हाच संपली आहे. ग्राहकांची माहिती फुटली असेल तर त्यांनाही साध्या भाषेत सांगावे: काय गेले, कधी गेले, त्यांनी काय काळजी घ्यावी.

हल्ले सुट्टीला जोडून होतात, हेही अनुभवाने दिसलेले आहे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्याची सुरुवात ११ तारखेला, दुसऱ्या शनिवारी झाली. दिवाळी-गणपतीला ऑफिस बंद करताना बॅकअप घेऊन डिस्क घरी न्यावी आणि संगणक व राउटर बंद करावेत. १९३०, बँकेचा चोवीस तासांचा नंबर, कॉम्प्युटरवाला आणि सीए यांचे नंबर एका कागदावर छापून भिंतीला लावावेत, कारण ज्या दिवशी ते लागतील त्या दिवशी संगणक उघडणारच नाही.

सावरताना घाई नको. आधी दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून ईमेलचा पासवर्ड बदलावा, मेल गुपचूप दुसरीकडे वळवणारी एखादी सूचना सेटिंगमध्ये टाकलेली नाही ना ते तपासावे, मग बँक आणि जीएसटीचे पासवर्ड बदलावेत. बाधित डिस्क काढून बाजूला ठेवावी आणि नव्या डिस्कवर मूळ विंडोज घालून अपडेट पूर्ण करावे. ज्या दारातून शिरकाव झाला ते बंद झाल्याची खात्री पटल्यावरच कपाटातली हार्ड डिस्क जोडावी. तीही आधी एका वेगळ्या संगणकावर, तिची आणखी एक प्रत काढून घेऊन.